कोपऱ्यातलं पांढरं

६ मार्च

प्रिय ताई,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारी दुकानाच्या पत्त्यावर आलं. घरचा पत्ता असताना दुकानावर का पाठवलंस, ते पाकीट उघडल्यावर कळलं. गिऱ्हाईक म्हणून लिहिलं आहेस. "पंचकाका, तुम्ही टीव्ही विकता आणि मला घ्यायचा आहे, तेव्हा खरा सल्ला द्या." हसू आलं. बावीस वर्षं या दुकानात उभा आहे, खरा सल्ला मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं. बाकीचे घरून ठरवूनच येतात आणि माझ्याकडून नुसती मान डोलावून घेतात.

आमच्याकडे ठीक आहे. तुझ्या काकूचे गुडघे जिना दिसला की कुरकुरतात. माझा रक्तदाब गोळ्यांच्या धाकात आहे. रुग्णालयाच्या धोबीखान्यात नवं इस्त्रीयंत्र आलं असं लिहितेस, हात सांभाळ. नवं यंत्र आणि नवा साहेब, दोघांपासून पहिले सहा महिने लांबच राहावं.

आता तुझा प्रश्न. डावरा गेला त्याला १८ तारखेला वर्ष होईल. त्याच दिवशी, रविवारी संध्याकाळी पाचला, चॅनल त्याची बॉक्सिंगची शेवटची मॅच पुन्हा दाखवणार आहे. तू लिहितेस, "मला माझ्या भावाला मार खाताना बघायचं नाही. मला कोपरा बघायचा आहे." कोपऱ्यात मास्तर उभे होते. चौकशीत ते म्हणाले, मी टॉवेल वर करून दाखवला, थांबवा म्हणून ओरडलो. मी पंच होतो. मी म्हणालो, मला काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. समितीसमोर छताच्या कॅमेऱ्याची धुरकट फीत होती, तीत कोपरा नव्हताच. चॅनलकडची फीत कुणी मागवली नाही. समितीने माझं ऐकलं. मास्तरांचा परवाना गेला आणि तू त्यांची बॅग दाराबाहेर ठेवलीस. नवरा म्हणून एक वेळ माफ केलं असतं, पण माझ्या भावाचा प्रशिक्षक म्हणून करणार नाही, असं तेव्हा म्हणाली होतीस. आता वर्षाने तुला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आहे. बरोबरच आहे. दिवसाला चारशे टॉवेल घडी घालणाऱ्या बाईला टॉवेल कुठला आणि सदरा कुठला हे कुणी सांगायला नको.

तर ऐक. दुकानात मुख्य जाती दोन. एका पडद्यावर सातशे वीस आडव्या ओळी असतात, दुसऱ्यावर एक हजार ऐंशी. ओळी जास्त तेवढं बारीक दिसतं, हे खरं. पण चॅनलवाले एक हजार ऐंशी पाठवतात तेव्हा चित्र दोन हप्त्यांत येतं, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. धावतं, उडतं, ठोसे मारणारं काही असलं की त्याच्या कडा कंगव्यासारख्या दातेरी दिसतात. सातशे वीसमध्ये प्रत्येक वेळी अख्खं चित्र एकदम येतं, म्हणून खेळाला तेच बरं. शिवाय तुझं चॅनल सातशे वीसच पाठवतं. ते मोठ्या पडद्यावर लावलं तर पडदा मोठा, चित्र तेवढंच. घागर मोठी आणली म्हणून नळाला पाणी वाढत नाही.

आणि अंतर. आठ-नऊ फुटांवरून बत्तीस इंचीवर या दोन जातींतला फरक तरण्या डोळ्यांनाही कळत नाही, हे मी रोज बघतो. तेव्हा बत्तीस इंची, सातशे वीसवाला घे. दुकानाच्या गाडीतून गुरुवारी पाठवतो. गाडीवालाच जोडून देईल. पडद्याला चिकटून बसू नकोस, डोळे दुखतात.

शेवटी डावरा मला काही म्हणाला का, असंही विचारलं आहेस. रिंगमध्ये फार गोंगाट असतो गं. भेटलो की बोलू.

काकूने आठवण सांगितली आहे. जेवण वेळेवर घेत जा.

तुझा,
पंचकाका


२२ मार्च

प्रिय ताई,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

मी नऊ फूट म्हटलं होतं आणि तू जमिनीवर, पडद्यापासून हातभर अंतरावर बसून पाहिलीस. लहानपणी डावऱ्याचा डबा घेऊन क्लबवर यायचीस तेव्हाही तुला मागच्या बाकावर बस म्हटलं की रिंगच्या दोराला नाक लावून उभी राहायचीस. तुला सांगून काही उपयोग नाही.

"कोपऱ्यात पांढरं काहीतरी होतं," असं लिहितेस. "टॉवेल होता की त्यांचा सदरा, की बादलीच्या काठावर पडलेला उजेड, कळलं नाही. हात वर होता की नव्हता, तेही कळलं नाही. मला, काका, मला कळलं नाही." आणि पुढे लिहितेस, की मास्तर त्या दिवशी पावणेपाचला दारात आले होते, बरोबर बसून बघू म्हणाले. तू दार उघडलं नाहीस. मॅच संपेपर्यंत ते जिन्यात बसून होते. त्यांना आतून आवाज ऐकू येत असणार, समालोचकाचा, लोकांचा. मग उठून गेले.

ताई, दार उघडायला हवं होतंस असं मी म्हणत नाही. मी कोण म्हणणारा.

मला टीव्हीबद्दल दोष देऊ नकोस, असं लिहिणार होतो. पण तू दिलेलाच नाहीस. उलट आभार मानलेस. तुझं वाक्य आहे, "तुमच्यासारखं माणूस खोटं बोलणार नाही हे मला माहीत होतं, तरी एकदा बघायचं होतं. आता शंका नको." हे वाक्य वाचलं तेव्हा मी दुकानात होतो. समोर एक नवरा-बायको कपाट आणि पडदा यांची मापं जुळवत होते. त्यांना म्हटलं, पाच मिनिटं थांबा, आणि मागच्या गोदामात जाऊन खोक्यावर बसलो.

फारकतीच्या कागदांवर महिनाअखेर सही करणार असं लिहिलं आहेस. घाई करू नकोस. एवढं वर्ष थांबलीस, आणखी थोडं थांब. का थांब, असं विचारशील. माझ्याजवळ आत्ता सांगण्यासारखं कारण नाही. म्हातारा सांगतो म्हणून थांब.

पंच म्हणून काम करणं मी सोडलं आहे. कारण वयाचं दिलं.

डोळ्यांची जळजळ कमी झाली नाही तर डॉक्टरला दाखव. रुग्णालयात काम करून औषध न घेणारी तूच एक.

तुझा,
पंचकाका


३ एप्रिल

ताई,

आज आशीर्वाद लिहीत नाही. ते द्यायला माणूस तसा असावा लागतो.

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. गाडीवाल्याच्या हाती देतो आहे. त्याच्याजवळ एक बेचाळीस इंची टीव्ही आहे, एक हजार ऐंशी ओळींचा, आणि चॅनलकडून मागवलेली मॅचची तबकडी, ती चालवायच्या यंत्रासकट. पण आधी हे वाच. टीव्ही नंतर लाव.

तुझं चॅनल सातशे वीस पाठवत नाही. एक हजार ऐंशी पाठवतं. रिमोटचं एक बटण दाबलं की पडद्यावर तसं लिहून येतं. मला हे ठाऊक होतं. कंगव्यासारख्या कडा, नऊ फूट, नळ आणि घागर, बाकी सगळं खरं होतं. खऱ्याच्या ढिगात एक खोटं पुरलं की कुणी उकरत नाही, हे मी गिऱ्हाइकांवर शिकलो.

तुझं पत्र आलं त्या शनिवारी त्या कार्यक्रमाची जाहिरात दर अर्ध्या तासाने लागत होती. तीत शेवटच्या फेरीचा एक तुकडा होता. मी भिंतीवर दोन टीव्ही शेजारीशेजारी लावले, तुला दिला तसला एक आणि आज पाठवतो तसला एक. मग गिऱ्हाइकासारखा समोर उभा राहिलो. बत्तीस इंचीवर कोपऱ्यात पांढरं काहीतरी दिसलं, जे तुला दिसलं तेच. बेचाळीस इंचीवर दोघे बॉक्सर दातेरी होते, कारण ते हलत होते. मास्तर हलत नव्हते. ते कोपऱ्यात रिंगच्या पायरीवर उभे होते, उजवा हात डोक्याच्या वर, हातात टॉवेल, खाली लोंबणारं टोकसुद्धा वेगळं दिसत होतं. तोंड उघडं होतं. आणि मी मान वळवून त्यांच्याकडे बघत होतो. मी वर्षभर स्वतःला सांगत आलो होतो की माझी पाठ त्यांच्याकडे होती. पडद्यावर माझी पाठ नव्हती.

दोन दिवस विचार केला आणि मग तुला सल्ला लिहिला.

आता रिंगमधलं सांगतो. डावरा शेवटी काय म्हणाला, या ज्या प्रश्नाला मी बगल दिली, त्याचं उत्तरही त्यातच आहे.

आठवी फेरी होती. घंटेला चाळीस सेकंद उरले होते. दोघे एकमेकांना बिलगले, मी मध्ये हात घालून सोडवलं. डावऱ्याचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. तो म्हणाला, "काका, तुम्ही दोन दिसताय." हसत म्हणाला. त्याला वाटलं असावं की गंमतच आहे. तो हसला म्हणून मी ते मनावर घेतलं नाही, असं मी पुष्कळ दिवस धरून चाललो. पण त्याची नजर माझ्यावर नव्हतीच. ती माझ्या कानाजवळून मागे कुठेतरी जात होती. अठ्ठावीस वर्षं रिंगमध्ये मी एकच काम केलं, बॉक्सरच्या डोळ्यांत बघण्याचं. मला कळलं.

तेवढ्यात मास्तर ओरडले. "थांबवा, काका! थांबवा!" दोनदा. लोकांचा गलका होता, पण पायरी माझ्यापासून चार पावलांवर होती. मी वळून पाहिलं. टॉवेल पाहिला. तू विचारशील, त्यांनी तो रिंगमध्ये फेकला का नाही. आपल्या महासंघाचा नियम आहे, टॉवेल फेकायचा नाही, पंचाला दाखवायचा, निर्णय पंचाचा. हा नियम मास्तरांना परीक्षेच्या वेळी मीच शिकवला होता. त्यांनी नियम पाळला.

मी दोघांच्या मधून मागे सरलो आणि म्हणालो, "खेळा."

त्याच्या सात महिने आधी मी एक मॅच लवकर थांबवली होती. तो बॉक्सर दोन्ही पायांवर उभा होता आणि मला शिव्या देत होता. लोकांनी बाटल्या फेकल्या. महासंघाने सहा महिने घरी बसवलं, एका वर्तमानपत्राने मला 'आजीबाई' म्हटलं. डावऱ्याची मॅच ही त्यानंतरची माझी पहिली मोठी. दुधाने तोंड पोळलं होतं, ताक फुंकत होतो. वाटलं, चाळीस सेकंदच तर आहेत, घंटा होऊ दे, मग डॉक्टरला बोलावतो.

बारा सेकंदांनी तो पडला. ठोसा लागून नाही. समोरच्याचा ठोसा चुकला होता. तो नुसताच पडला.

पुढचे तीन दिवस तू त्याच्या खाटेशी होतीस. मला येऊन भेटलीस तेव्हा माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडलीस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. चौकशीच्या आधीची ती गोष्ट. तेव्हा बोलता आलं असतं.

मग आज का, तर मास्तर. मंगळवारी, २७ तारखेला दुपारी ते दुकानात आले. मला वाटलं, भांडायला आले. काउंटरच्या मागे सरकलो. ते म्हणाले, "काका, निरोप घ्यायला आलो. मालवाहू जहाजावर काम मिळालंय, स्वयंपाकघरात. शनिवारी सुटतं. दोन वर्षांचा करार आहे."

मी म्हटलं, "तुम्ही आणि स्वयंपाकघर?"

"भांडी घासायची आहेत. घोटून घेण्यात माझा हात चांगला आहे, पोरं म्हणायचीच." हसले. मग म्हणाले, "तुमच्यावर माझा राग होता. वर्षभर होता. आता नाही. खरं सांगू? आता मलाच वाटतं, मी ओरडलोच नसेन. तोंड उघडलं असेल, आवाज फुटला नसेल. टॉवेल हातात घेतला असेल, वर केला नसेल. माणूस स्वतःला हवं ते आठवत बसतो. तुम्ही एवढे जवळ होता, तुम्हाला ऐकू आलं नाही, म्हणजे नसणारच."

त्यांच्या मागे भिंतीवर सगळ्या पडद्यांवर एकच बाई एकच कांदा चिरत होती. मी मास्तरांना म्हणालो, "चहा घेता?"

चहा न घेता ते गेले.

ताई, डावऱ्याला मी चाळीस सेकंदांसाठी मारला, ती भीती होती. तिला निदान तेवढं नाव देता येतं. पण या माणसाचं खरं मी त्याच्या डोक्यातून काढून घेतलं होतं आणि तो माझी समजूत घालायला आला होता.

बुधवारी सकाळी क्लबवर गेलो. सामानाच्या खोलीत, जिथे ते वर्षभर राहत होते, तिथे कपडे बांधत होते. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तुला सांगितलं तसंच, टीव्हीसकट. मधे एकदाही त्यांनी तोडलं नाही. मग बाकावर बसले.

"म्हणजे मी ओरडलो होतो," म्हणाले.

"हो."

मग पुन्हा विचारलं, "ओरडलो होतो ना?"

"दोनदा. टॉवेलही वर होता."

त्यांनी दोन्ही तळवे तोंडावर धरले. मी त्यांच्या हाताच्या टप्प्यात उभा राहिलो, मुद्दाम. त्यांनी मारलं नाही. मग विचारलं, "तिला माहीत आहे?" मी नाही म्हटलं. "मग तुम्हीच सांगा. माझं ती दारातूनही ऐकत नाही." मी म्हटलं, जहाज सोडा, थांबा, मी आजच सांगतो. ते म्हणाले, "थांबून काय करू? ते पोर तर परत येत नाही ना." आणि पुन्हा कपडे बांधायला लागले.

आजच सांगतो, असं मी त्यांना म्हणालो. तो बुधवार होता. त्या संध्याकाळी लिहिलेलं पत्र फाडलं. गुरुवारचं फाडलं. शुक्रवारी तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परतलो. शनिवारी जहाज सुटलं. तीन दिवस होते, ताई. त्यातल्या एका दिवशी मी माणसासारखा वागलो असतो तर तू धक्क्यावर पोचली असतीस. जायचं की नाही हे तरी तू ठरवलं असतंस. तेही मीच ठरवून टाकलं.

काल महासंघात लेखी जबाब दिला. त्यात वर लिहिलेलं सगळं आहे. सचिवांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "आता हे कशाला उकरता?" मी पोच घेतल्याशिवाय उठलो नाही. तिची प्रत सोबत आहे. पुढे पोलीस, वकील जे होईल ते होईल. काकूला सांगितलं. तिने सगळं ऐकलं, मग उठून आपलं अंथरूण दुसऱ्या खोलीत नेलं. बरोबर केलं तिने.

तबकडी लावलीस तर आठव्या फेरीत, घड्याळात चाळीस उरले की थांबव. नऊ फुटांवरून बघ नाहीतर हातभरावरून, या पडद्यावर दिसतं. त्याच्या पुढे जाऊ नकोस. तुला पुढचं बघायची गरज नाही.

आता शेवटचं. मास्तरांनी मला पत्ता दिला नाही. काल बंदरावरच्या भरती कार्यालयात गेलो. कुठल्या बंदरांना पत्र पाठवलं म्हणजे जहाजावर मिळेल, ते त्यांच्याकडे लिहिलेलं असतं. खिडकीतला माणूस म्हणाला, "असं कुणालाही देत नाही. फक्त बायकोला."

महिनाअखेर उलटून गेली आहे. तू कागदांवर सही केलीस की नाही, मला माहीत नाही. विचारण्याचा हक्कही नाही. केली नसशील तर खिडकी सकाळी नऊला उघडते.

क्षमा मागत नाही. मागितली की द्यायची की नाही याचं ओझंही तुझ्याच डोक्यावर. या पत्राला उत्तर नको. हे तुझं आहे, ज्याला दाखवायचं त्याला दाखव, प्रत्येक अक्षराखाली मी आहे.

त्या सामन्याचा पंच